जादा तास

व्हिसा रखडला, म्हणून मी तार्तूला पोचले
ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, रात्री साडेअकराच्या बसनं.
वर्ग सुरू होऊन आठ आठवडे झाले होते.
बॅगेचं एक चाक ताल्लिनलाच कुठेतरी राहिलं,
हे आधी ड्रायव्हरच्या लक्षात आलं, मग माझ्या.
तो काही बोलला नाही.
बॅग खांबाला टेकवून उभी केली त्यानं,
दम लागलेल्या म्हाताऱ्याला उभं करावं तशी.

तिसरा मजला, लिफ्ट नाही.
खाली टपालपेट्यांची रांग,
सात नंबरवर ताजी चिठ्ठी, निळी शाई, रोमन अक्षरं:
दत्तात्रय.
पासपोर्टातलं मधलं नाव विर्वेबाईंनी आडनाव समजून लिहिलेलं.
म्हणजे इथे बाबा राहतात.
पाटबंधारे खात्यात तीस वर्षं
कालव्याची पातळी वहीत मांडणारे,
नागपूरच्या पलीकडे न गेलेले बाबा.
मी दलदलीचा अभ्यास करायला निघाले तेव्हा म्हणाले होते,
दलदलीत शिकायचं काय असतं?
दलदलीतून निघायचं असतं.

झोप लागली असावी. फोनवर तीन वाजून दहा.
बाबांचा मेसेज: पोचलीस? तुझ्याकडे किती वाजले?
कळवलं.
मग डोळा लागला, मग स्वयंपाकघरात काही सरकलं.

स्टुलावर विर्वेबाई, सत्तरीच्या,
भिंतीवरच्या घड्याळाचे काटे उलटे फिरवत.
मला पाहून इतकंच म्हणाल्या, धर.
मी स्टूल धरलं.
त्यांच्या पायांत पुरुषी मोजे, एका टाचेला रफू.

आज रात्री चारचे तीन होतात, त्यांनी सांगितलं,
हिवाळ्याचं घड्याळ.
हे काम ती करायची. ती गेली, चार वर्षं झाली.
बोट दाखवलं त्या फोटोत
भरघोस मिशांचा माणूस, हातात केवढा तरी मासा.
मी फोटोकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.
त्या हसल्या. आमच्यात तो नाही, ती नाही,
सगळ्यांना एकच: तेमा.
इंग्रजीत कुणाला कुठलं लावायचं, अजून चुकतं.

तेमा. तेमा.
मी दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा बरं जमलं.
आमच्याकडे तमा असते, सांगावंसं वाटलं,
बाळगायची किंवा न बाळगायची,
पण तेवढं इंग्रजी दोघींकडेही नव्हतं.
आमच्याकडे तर खुर्चीसुद्धा बाई असते, टेबल नपुंसक,
आणि मी तोंड उघडलं की पहिल्या क्रियापदाला
मी मुलगी आहे हे जाहीर होतं.
इथे गप्प न राहताही ते झाकता येईल.
हे मला आवडलं की नाही
ते ठरवायला थोडा वेळ लागेल.

काळी पाव, वर लोणी. चहात साखर नाही.
त्यांनी कपाटातून एक जुना कोट काढला,
खिशाला दोरीनं लोंबकळणारा चांदीसारखा तुकडा
सोडवून माझ्या जॅकेटला पिनेनं टोचला.
अंधारात चालताना हा पाहिजेच, कायदा आहे.
गाडीच्या दिव्यात चमकतो.
नाहीतर तू कुणाला दिसणार नाहीस.
मग स्वतःशीच काही बोलल्या. त्यात तेमा होतं.

फोन वाजला.
आता किती वाजले तुझ्याकडे?
तीन वाजून दहा.
मघाशीही तेच म्हणालीस. घड्याळ बंद पडलंय का?
नाही बाबा, काल आपल्यात अडीच तास होते,
आजपासून साडेतीन.
पलीकडे कागदाचा आवाज आला.
लिहून घेत होते. पातळी.
मग म्हणाले, असं एका रात्रीत?

दहावीला गणिताच्या जादा तासाचे
त्यांनी दोन हप्त्यांत पैसे भरले होते.
हा फुकट मिळाला, मी म्हटलं.
ते हसले नाहीत, पण फोनही ठेवला नाही.

विर्वेबाईंनी कप विसळता विसळता विचारलं, काय म्हणाली ती?
कोण? बाबा?
मी सांगितलं, जमेल तसं.
फुकट नाही, त्या म्हणाल्या,
मार्चमध्ये परत घेतात.